रुचीची सक्ती

गेल्या कोजागरीच्या आधी आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक साधा प्रस्ताव आला होता. दरवर्षीच्या भावगीतांच्या मैफलीऐवजी एका वर्षापुरती, १९७५ ते १९८५ या दशकातील, म्हणजे ज्याला सर्रास 'डिस्कोचा जमाना' म्हटले जाते त्या काळातील, सभासदांच्या आवडीच्या पाश्चात्त्य गीतांची एक श्रवणसंध्या करावी, एवढेच त्यात म्हटले होते. प्रस्ताव मांडणारे कोणी उनाड पोर नव्हते. साठी ओलांडलेले, नातवंडांत रमणारे, मंडळाची वर्गणी कधीही न थकवणारे ते गृहस्थ. तरीही बैठकीत जणू काही अभद्र घडले. एकांनी विचारले, 'सरस्वतीच्या तसबिरीखाली बोनी एम वाजवायचे काय?' दुसरे म्हणाले, 'सीमाभागात मराठीची आधीच ही अवस्था, आणि त्यात हे!' तिसऱ्यांनी काही न बोलता चहाचा कप असा काही बशीत ठेवला, की तोच निर्णय ठरला. प्रस्ताव 'पुढील बैठकीत विचारार्थ' ठेवण्यात आला आणि पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेत तो आलाच नाही.

आम्ही त्या बैठकीस हजर होतो आणि गप्प बसलो होतो. त्याची रुखरुख अद्याप आहे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मौनाची उशिरा केलेली भरपाई समजावी.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. आपण सीमाभागातील मराठी माणसे १ नोव्हेंबर १९५६ पासून एका सक्तीविरुद्ध उभी आहोत. कोणती भाषा बोलावी, कोणत्या भाषेत शिकावे, हे दुसऱ्याने आपल्यावर लादू नये, हा आपल्या लढ्याचा गाभा आहे. मग त्याच आपण आपल्या घरात, आपल्या मंडळात, आपल्याच माणसांवर कोणते गाणे आवडावे याची सक्ती करावी, हे कोणत्या न्यायात बसते? सक्तीच्या विरोधकांनी रुचीची सक्ती करू नये. तशी ती आपण केली आहे, आणि तिची किंमतही मोजली आहे. ती किंमत कोणती, ते लेखाच्या अखेरीस सांगू.

आधी ही गाणी आपल्याकडे आली कशी, ते आठवू. तरुण सभासदांना ठाऊक नसेल, आणि वृद्ध सभासदांनी ते विसरण्याचे सोंग घेतले आहे. बेळगावचा कॅम्प ही लष्करी वस्ती. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर तिथलेच. बँडचे सूर आणि इंग्रजी गाणी या गावाला कधीच परकी नव्हती. पश्चिमेला घाट उतरला की गोवा. तिथे लग्नाच्या मांडवात गिटार वाजते. सत्तरच्या दशकाअखेर घराघरांतून कोणी भाऊ, कोणी मामा आखाती देशांत नोकरीला गेला आणि सुटीवर परतताना खांद्यावर 'टू-इन-वन' घेऊन आला. निपाणीत तंबाखूच्या वखारी असलेल्या घरांतून असाच एखादा टेपरेकॉर्डर माडीवर विराजमान झाला. खाली सोप्यात वडीलधाऱ्यांच्या रेडिओवर सांगली केंद्रावरील नाट्यगीते, आणि वर माडीवर दार लोटून 'डॅडी कूल', 'डान्सिंग क्वीन', 'हॉटेल कॅलिफोर्निया'. कॅसेट अडकली की पेन्सिलीने तिची फीत गुंडाळायची, ही कला त्या पिढीला जितकी अवगत होती तितकी रांगोळीही नसेल. गाण्याचे शब्द कळत नसत. कानाला जसे वाटतील तसे ते देवनागरीत वहीत उतरवले जात. आमच्या माहितीत अशा दोन वह्या आहेत. त्यांतील इंग्रजी वाचून इंग्रजांनी हसावे आणि मराठी भाषेच्या अभ्यासकाने विचारात पडावे, अशी ती लिपी आहे.

हे सारे आपल्या कोणत्या स्मरणिकेत आले आहे? कोणत्या अमृतमहोत्सवी ग्रंथात? आपल्या सांस्कृतिक इतिहासात कीर्तन आहे, संगीत नाटक आहे, भजनी मंडळे आहेत, १९४६ चे बेळगावचे साहित्य संमेलन आहे, मोर्चे आहेत. माडीवरचा तो टेपरेकॉर्डर मात्र नाही. जणू त्या दशकात आपल्याकडे कोणी तरुण नव्हतेच.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप: 'हे आपले नव्हे.'

'आपले' म्हणजे काय, हे ज्या भूमीत बसून विचारले जात आहे तिच्याकडेच पाहू. ज्या संगीत नाटकाला आपण मराठीचा मानबिंदू म्हणतो त्याचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले. १८८० साली पुण्यात त्यांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा साकी-दिंडीच्या जोडीला कानडी मुलखातील चालीही त्यांनी निःसंकोच घेतल्या. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडील ठुमरी-गझलांच्या वळणाच्या चाली आणल्या. ज्या पेटीवर हे सारे वाजले ती हार्मोनियम युरोपातून आलेली. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पर्यंत तिला 'परकी' म्हणून बंदी होती, याचा आपल्याला केवढा राग! पेटीला परकी म्हणणारे संकुचित, आणि गिटारीला परकी म्हणणारे आपण मात्र संस्कृतिरक्षक, असे का?

बेळगावनजीकच्या सुळेभावीला जन्मलेले कुमार गंधर्व घरी कानडी बोलणारे. ते देवासला जाऊन माळव्याची लोकगीते गायले आणि मराठी मनाचे दैवत झाले. पंडित भीमसेन जोशी कन्नड मातृभाषेचे. त्यांच्या 'संतवाणी'ने तुकोबा-नामदेव घरोघरी नेले. पु. लं.नी ज्या बेळगावच्या रावसाहेबांना अमर केले त्यांच्या तोंडची मराठी कानडीच्या फोडणीवाचून एक वाक्य पुढे जात नसे, आणि तिच्यावर सारा महाराष्ट्र लोभावला. सरमिसळ हाच या मातीचा धर्म आहे. येथे शुद्धतेचा आग्रह धरणारा माणूस आपल्याच पूर्वजांना नाकारत असतो.

आणि डिस्को खरोखर तितका परका होता काय? १९७४ साली 'कुंग फू फायटिंग' हे गाणे इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याचा निर्माता बिद्दू हा बंगळुरात जन्मलेला. १९८० च्या 'कुर्बानी' चित्रपटासाठी त्यानेच 'आप जैसा कोई' बांधले. ते नाझिया हसन नावाच्या पंधरा वर्षांच्या पाकिस्तानी मुलीने गायले आणि त्याच सुमारास सारा हिंदुस्थान त्या ठेक्यावर डोलू लागला. 'क्वीन' या रॉक वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारुख बलसारा, पारशी घरचा, झांजिबारला जन्मलेला. १९५० च्या दशकात तो शिकायला आला तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. बरोबरीच्या मुलांना जमवून त्याने पहिला वृंद काढला तो तिथेच, सातारा जिल्ह्यात. १९८० साली ज्याच्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'ने डिस्कोचा ठेका रॉकमध्ये मिसळला, त्या गायकाने पियानोवर हात बसवला तो आपल्याच सह्याद्रीच्या माथ्यावर. आणि सांगलीत जन्मलेल्या, मास्टर दीनानाथांच्या कन्या आशा भोसले यांनी १९७१ साली 'दम मारो दम' गायले, तेव्हा त्यांच्या गळ्यातील नाट्यसंगीत बाटले काय? मैफलीत आशाबाईंच्या नाट्यपदाला टाळ्या द्यायच्या आणि त्यांच्या त्या गाण्याचे नाव निघाले की मान फिरवायची, याला आमच्या भाषेत अभिरुची म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: 'या गाण्यांना अर्थ नाही. नुसता ठेका, नुसता नाच.'

ठेका होता, हे खरे. नाचही होता. परंतु अर्थ नव्हता असे म्हणणाऱ्यांनी आणि तो न कळता नाचणाऱ्या आम्ही, दोघांनीही एका गाण्यापुढे मान खाली घालावी. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' हे ते गाणे. १९७८ साली बोनी एमने ते जगभर पोचवले. बेळगावच्या महाविद्यालयांच्या गॅदरिंगमध्ये ते किती वेळा वाजले याची गणती नाही. पण हे गाणे मूळचे बोनी एमचे नव्हे. जमैकातील 'द मेलोडियन्स' या त्रयीने ते १९७० साली गायले होते, आणि त्याचा आधार बायबलातील स्तोत्रसंहिता हा आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात जेरुसलेम पडले, यहुदी लोकांना बॅबिलॉनला नेण्यात आले. तिथे नदीकाठी बसून ते आपल्या भूमीच्या आठवणीने रडले. ज्यांनी त्यांना पकडून नेले तेच त्यांना म्हणाले, तुमच्या देशाचे एखादे गाणे म्हणून दाखवा. तेव्हा त्या लोकांना प्रश्न पडला, की परक्या सत्तेच्या मुलखात आपले गाणे गावे तरी कसे? आफ्रिकेतून गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर नेलेल्या लोकांच्या वंशजांना तो प्रश्न आपलाच वाटला आणि त्यांनी त्याचे गीत केले.

वाचकहो, आता क्षणभर थांबावे. आपल्या भूमीवर राहूनही दुसऱ्या राज्यात गेलेली, आपली भाषा कचेरीत चालेनाशी झालेली, दर वर्षी १ नोव्हेंबरला काळ्या फिती लावणारी माणसे आपण. या गीताचा अर्थ जगात आपल्याइतका कोणाला जवळचा वाटावा? यहुदी लोकांना त्यांच्या भूमीवरून उचलून नेले. आपण जिथे होतो तिथेच राहिलो आणि सीमारेषा आपल्यावरून सरकली. भेद एवढाच. अर्थात, गुलामगिरीच्या यातनांशी आपल्या व्यथेची तुलना करण्याचा आगाऊपणा आम्ही करणार नाही. पण 'आपले गाणे कोठे गावे' हा प्रश्न तोच आहे. तो आपल्या माडीवर, आपल्या कानाशी येऊन दोन वर्षे वाजत होता. आम्ही त्यावर नाचलो आणि वडीलधाऱ्यांनी 'हा काय धांगडधिंगा' म्हणून दार आपटले. ते गाणे काय म्हणते आहे, हे आम्ही समजून घेतले नाही आणि त्यांनी विचारले नाही. एखाद्या साहित्य मंडळाने तेव्हा हे गीत मराठीत समजावून सांगितले असते, तर आमच्या पिढीच्या मनात त्या मंडळाची जागा काय झाली असती!

दुसरे उदाहरण याहून बोचरे आहे. १९७९ च्या अखेरीस 'पिंक फ्लॉइड' या इंग्लिश वृंदाचे 'अनदर ब्रिक इन द वॉल' या गीताचा दुसरा भाग आला. रॉक गीत, पण ठेका डिस्कोचा. आणि त्यात लंडनच्या एका शाळेतील खऱ्याखुऱ्या मुलांचा समूहस्वर. मुलांना एका साच्यात कोंबणाऱ्या शिक्षणाचा त्यात निषेध होता. दक्षिण आफ्रिकेत तो थेट काळजाला भिडला. तिथे १६ जून १९७६ रोजी सोवेटोची शाळकरी मुले रस्त्यावर आली होती, कारण सरकारने आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याची सक्ती केली होती. त्या मुलांवर गोळ्या झाडण्यात आल्या. पुढे १९८० साली निकृष्ट शिक्षणाविरुद्ध शाळांवर बहिष्कार पुकारणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे गीत आपले म्हटले, तेव्हा तिथल्या सरकारने गाण्यावरच बंदी घातली. भाषेची सक्ती, शाळा, रस्त्यावर आलेली मुले, गोळीबार. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आपल्याकडे जे घडले ते ज्यांनी पाहिले त्यांना आणखी काही सांगण्याची आवश्यकता नाही. हे गाणे 'निरर्थक' होते काय? की त्याचा अर्थ लावणारे आपण उणे पडलो?

डिस्कोच्या उगमाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्याला श्रीमंतांचा चंगळवाद समजणे हा आपल्याकडील जुना गैरसमज आहे. हे संगीत सत्तरच्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांत वाढले. ते वाढवणारे कृष्णवर्णीय, लॅटिन वंशाचे आणि समलिंगी लोक होते. ज्यांना इतरत्र मोकळेपणी उभेही राहता येत नसे, त्यांनी नाचण्यापुरती एक जागा आपल्यासाठी करून घेतली होती. १९७७ चा 'सॅटर्डे नाइट फीव्हर' हा चित्रपट आणि बी जीज यांची त्यातील गाणी यांनी ते सर्वांचे केले. १९७८ साली ग्लोरिया गेनरने 'आय विल सर्व्हाइव्ह' गायले. एका झिडकारलेल्या स्त्रीने पुन्हा ताठ उभे राहण्याचे ते गीत आहे. आपल्या ओवीतील सासुरवाशीण बंधुरायाची वाट पाहते. ही स्वतःच दार लावून घेते. दोन्ही गीतांत दुःख तेच आहे. दोन्ही शेजारी ठेवून ऐकण्याची तयारी साहित्य मंडळाने दाखवू नये, तर कोणी दाखवावी?

रुचीची सक्ती केल्याने काय होते, याचे दोन दाखले इतिहासात आहेत. पहिला अमेरिकेतला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून तो सुरुंगाने उडवण्यात आला. घरून एक डिस्को तबकडी आणणाऱ्यास ९८ सेंटांत प्रवेश होता. स्फोटानंतर जमाव मैदानात घुसला, खेळपट्टीची नासधूस झाली, आणि यजमान संघाला दुसरा सामना गमवावा लागला. त्या ढिगात डिस्को नसलेल्या, केवळ कृष्णवर्णीय गायकांच्या म्हणून आणलेल्या तबकड्याही होत्या, असे तिथे हजर असलेल्यांनी सांगून ठेवले आहे. संगीताचा राग म्हणून जे सुरू झाले त्याखाली माणसांचा राग होता. 'हे गाणे आम्हाला आवडत नाही' आणि 'हे लोक आम्हाला आवडत नाहीत' यांतील अंतर किती थोडे असते, ते त्या रात्री दिसले.

दुसरा दाखला घरचा, आणि एका मराठी माणसाचाच. डॉ. बा. वि. केसकर १९५२ साली केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हेतू उदात्त: देशाची अभिरुची शास्त्रीय संगीताने घडवावी. त्यासाठी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम? श्रोत्यांनी रेडिओची सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावले. बिनाका गीतमाला घरोघरी पोचली. अखेर १९५७ साली आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांच्या विद्वत्तेविषयी वा निष्ठेविषयी आम्हाला शंका नाही. त्यांनी शास्त्रीय संगीतासाठी जे केले तेही मोठेच. पण श्रोत्याला सक्तीने शहाणे करता येत नाही, हा धडा त्यांनी पाच वर्षांत घेतला. आपल्या मंडळाला तो अजून घ्यायचा आहे.

तिसरा आक्षेप भावनिक आहे आणि म्हणून त्याचे उत्तर जपून दिले पाहिजे: 'यामुळे मराठीला धोका आहे.'

धोका कोणाला, कोणापासून? ज्या तरुणांनी १९७८ साली 'रास्पुतिन'चे शब्द देवनागरीत उतरवून घेतले तेच तरुण आठ वर्षांनी कन्नडसक्तीविरुद्ध रस्त्यावर होते. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू-शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवला, गोळ्या झेलल्या. त्या आंदोलकांत रात्री घरी जाऊन ट्रान्झिस्टरवर हिंदी डिस्कोची गाणी ऐकणारी पोरे नव्हती, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल काय? गाणे ऐकून कोणी मराठी सोडली नाही. आबा हा वृंद स्वीडनचा. १९७४ च्या युरोव्हिजन स्पर्धेत 'वॉटर्लू' गाऊन तो जगापुढे आला आणि पुढे इंग्रजीतच गात राहिला. स्वीडिश ही मराठीहून कितीतरी कमी लोकांची भाषा. ती मेली नाही, कारण तिथल्या शाळा, कचेऱ्या, ग्रंथालये त्याच भाषेत चालत राहिली.

मराठीला खरा धोका कोठे आहे, ते आपल्याला पक्के ठाऊक आहे. तो सरकारी दप्तरात आहे, ओस पडणाऱ्या मराठी शाळांत आहे, आणि स्पष्टच बोलायचे तर आपल्या स्वतःच्या घरांत आहे. बोनी एमच्या नावाने नाक मुरडणाऱ्या किती सभासदांची नातवंडे मराठी शाळेत जातात? नातवाला इंग्रजी माध्यमात घालायचे आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या इंग्रजी गाण्याला संस्कृतीचा शत्रू ठरवायचे, या हिशेबात काहीतरी मोठी चूक आहे.

उलट, त्या गाण्यांनी एक गोष्ट केली, जी नंतर कोणालाही साधली नाही. महाविद्यालयाच्या कट्ट्यावर मराठी आणि कन्नड मुले एका टेपरेकॉर्डरभोवती बसत. ते गाणे दोघांपैकी कोणाचेच नव्हते, म्हणून दोघांचेही होते. त्या भाषेच्या पाटीवरून भांडण नव्हते. आम्ही याचे उगीच उदात्तीकरण करणार नाही. त्याच कट्ट्यावर पुढे दगडही उचलले गेले. पण एक जागा होती आणि ती गेली, एवढी नोंद तरी व्हावी.

आता प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य करू. त्या काळातील पुष्कळ गाणी सुमार होती. एकच ठेका, मिनिटाला सव्वाशेच्या आसपास ठोके, त्यावर कोणतेही शब्द चिकटवून तबकड्यांचे कारखाने चालले. आपल्या हिंदी चित्रपटांनी त्यांची आणखी सुमार नक्कल केली. पण सुमार भावगीते नव्हती काय? सुमार नाट्यपदांना तर गणतीच नाही. काळाने जे गाळले ते गाळले; उरलेल्याचा विचार करावा. तसेच, विसर्जन मिरवणुकीतील डॉल्बीच्या भिंतींना आमचाही कडाडून विरोध आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवर बंदी दिली, ती योग्यच होती. तो प्रश्न आवाजाचा आहे, गाण्याचा नव्हे. ज्ञानेश्वरांचा अभंग डॉल्बीवर लावला तरी शेजारच्या आजारी म्हाताऱ्याची झोप मोडतेच.

आणखी एक कबुली. जुन्या गाण्यांचा आज जो बाजार मांडला गेला आहे, 'रेट्रो'च्या नावाने चकाकते कपडे घालून जी थट्टा केली जाते, तीही आम्हाला मान्य नाही. आठवणींचा गुळचट पाक करून वाटणे हे मंडळाचे काम नव्हे. म्हणूनच हे काम मंडळाने करावे असे आम्ही म्हणतो. गाणे ऐकावे, त्याचा जन्म कोठे झाला ते सांगावे, त्याचा आशय उत्तम मराठीत समजावावा, आणि मग ते कसे वाटते ते श्रोत्यांवर सोडावे. याला साहित्यविचार नाही म्हणायचे, तर कशाला म्हणायचे?

लेखाच्या आरंभी ज्या किमतीचा उल्लेख केला तिच्याकडे येऊ. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला गेल्या काही वर्षांत कोण येते, ते पाहावे. पुढच्या दोन रांगांत सत्तरी-ऐंशीतले ज्येष्ठ. शेवटच्या रांगेत निबंध स्पर्धेच्या बक्षिसासाठी शिक्षकांनी आणलेली मुले. मधल्या रांगा रिकाम्या. त्या रांगांत ज्यांनी बसावे ती १९५५ ते १९७० च्या दरम्यान जन्मलेली पिढी आहे, म्हणजे माडीवर टेपरेकॉर्डर लावणारी. ती मराठीवर रुसलेली नाही. ती मोर्चात होती, वर्गणी देते, दिवाळी अंक घेते. पण आपल्या सभागृहात तिने पाऊल टाकले की तिला तिच्या तारुण्याचा निम्मा भाग चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावा लागतो. असे किती दिवस कोण करील? एके दिवशी माणूस चपला घालतो तो परत येतच नाही. रुचीच्या सक्तीची ही किंमत. ती आपल्याला कोणत्या सरकारने मोजायला लावलेली नाही.

तेव्हा आमची मागणी अशी. तो प्रस्ताव पुन्हा विषयपत्रिकेवर घ्यावा आणि त्यावर रीतसर मतदान व्हावे. श्रवणसंध्या झाल्यास दहाच गाणी निवडावीत आणि प्रत्येक गाण्यापूर्वी पाच मिनिटे त्याची हकीगत मराठीत सांगावी. सभासदांच्या घरी माळ्यावर पडलेल्या कॅसेटी, त्या देवनागरीतील इंग्रजी वह्या, गॅदरिंगची छायाचित्रे मंडळाने गोळा करावीत. कॅसेटची फीत चिकटते, बुरशी धरते, वह्या रद्दीत जातात, माणसेही जातात. प्रस्ताव मांडणाऱ्या त्या गृहस्थांची वर्गणी यंदा प्रथमच थकली आहे, असे खजिनदारांकडून समजले. कोणीतरी त्यांच्या घरी जायला हवे. कार्यकारिणीची हरकत नसेल तर आम्ही जाऊ, आणि जाताना पुढील बैठकीची विषयपत्रिका बरोबर नेऊ इच्छितो.